एकोणतीस कान

त्याला सगळे दशांश म्हणायचे. दाराची कडी नीट लागत नाही म्हटलं तरी हा विचारायचा, "किती दशांशाने?" मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठं काही मोजणं हे त्याच्या लेखी सुताराचं काम, आणि सुतारांबद्दल त्याचं काय मत होतं ते इथे न लिहिलेलंच बरं. यंत्रांच्या कारखान्यात त्याने लेथवर हयात घालवली. नोकरीत असल्यापासूनच त्याला एक नाद होता. जुन्या सोव्हिएत लेन्स घ्यायच्या आणि त्या दुसऱ्याच देशांतल्या, तितक्याच जुन्या फिल्म कॅमेऱ्यांना बसवून द्यायच्या. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत त्याने छोटा लेथ मांडला आणि नादाचा धंदा झाला. हे काम जाणणारे फार थोडे, आणि त्यांत आपण पहिले, हे तो कुणी विचारायच्या आत सांगून टाकायचा.

कामात तो वाकबगार होता, हे कबूल करायलाच हवं. पन्नास-साठ वर्षांत दगड झालेलं ग्रीस तो काडीने खरवडून काढी. कॅमेऱ्याचं तोंड वेगळं असलं तर पितळेचं कडं कातून देई. लेन्स फिल्मपासून नेमक्या अंतरावर बसावी म्हणून मधे कागदासारख्या पातळ चकत्या घालाव्या लागतात, त्यांना शिम म्हणतात. त्याच्या टेबलावर औषधाच्या डब्यांतून अशा शेकडो शिमा होत्या, जाडीप्रमाणे लावलेल्या. बोटांत धरून तो त्यांची जाडी सांगे आणि मग मोजून दाखवी. बरोबर यायची. मग समोरच्याकडे असा बघायचा, जणू त्याचा बापच आपण कातून काढलाय.

गिऱ्हाइकांची त्याला शिसारी होती. कुणी आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची लेन्स बिनआरशाच्या कॅमेऱ्यात पिळून घेऊन येई आणि म्हणे, काका, बसली तर छान, पण फोटो येत नाही. "आटे जुळले म्हणजे सोयरीक जुळली, असं कोण म्हणालं तुला?" दशांश विचारी. कुणी लेन्स घरी उघडून पुढची काच उलटी बसवून आणे. त्याला तो पाणीही विचारत नसे. आणि सगळ्यात नावडते ते, जे काम झाल्यावर महिन्याने परत येऊन म्हणत की जवळचे फोटो जरा धूसर येतात. त्यांच्यासाठी एकच उत्तर ठरलेलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं.

कारण दशांशाची लेन्स चुकणं शक्यच नव्हतं. त्याची परीक्षा होती धुराड्याची. मागच्या गॅलरीतून फर्लांगभर लांब एका कारखान्याचं धुराडं दिसे. त्याला लोखंडी शिडी होती. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी घासून दुधी केलेली काच ठेवायची, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडायचं, लांबचा फोकस लावायचा आणि भिंगातून बघायचं. शिडीच्या पायऱ्या मोजता आल्या की लेन्स पास. एकतीस पायऱ्या होत्या. तीस मोजल्या गेल्या तर तो लेन्स परत खोलायचा. "लांबचं नीट तर जवळचं आपोआप नीट," असं म्हणायचा. कुठे वाचलं होतं, कुणी शिकवलं होतं, कोण जाणे. इतक्या वर्षांत जवळ काही ठेवून त्याने कधी बघितलं नाही. जवळ काय बघायचं? माणसं? माणसं हलतात.

विशेषतः त्याची बायको.

वर्षातून एकदा तो स्वतःची सोव्हिएत लेन्स साफ करून परत बसवी, धुराडं तपासी, आणि नव्या रोलमधला एक फोटो बायकोवर खर्च करी. गॅलरीत लाकडी खुर्ची, एक मीटरवर तो, लेन्स पूर्ण उघडी. रोल न्हाणीघरात स्वतः धुवायचा, फोटो स्वतः छापायचा आणि ओला फोटो चिमट्यात धरून तिच्यापुढे नाचवायचा. "हललीस. परत हललीस." फोटोत तिचा चेहरा कुणी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा असे. पहिल्या वर्षी ती हसली. पुढच्या वर्षी मान ताठ करून बसली. मग श्वास धरून बसायला लागली. एका वर्षी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवून बसली आणि दोन दिवस मान धरली. फोटो तसाच. हळूहळू तिची खात्रीच पटली की आपल्या अंगातच काही खोट आहे, आपल्याला स्थिर बसता येत नाही.

खात्री पटली तर पटली, ती घरात राहिली असती तरी चाललं असतं. पण धाकट्या बहिणीच्या लग्नात सगळ्यांचा फोटो काढायची वेळ आली, तर ही बाजूला झाली. "मी हलते. तुमचा सगळ्यांचा बिघडेल." नंतर जावेच्या घरी तेच, शेजारच्या बारशात तेच. लोकांनी आग्रह करणंही सोडून दिलं. बाईच्या बत्तिसाव्या वर्षापासून पुढे तिचा धड एक फोटो जगात नव्हता, आणि होते ते एकोणतीस नवऱ्याच्या पेटीत, एकजात पुसलेले. प्रत्येकाच्या मागे त्याच्या सुबक अक्षरात तारीख, फिल्म, आणि एक शब्द: हलली.

त्याच बहिणीची मुलगी, म्हणजे बायकोची भाची, आता एका स्टुडिओत फोटो काढायची. तिने एक सोव्हिएत लेन्स मिळवली आणि भक्तिभावाने काकांकडून बसवून घेतली. दोन महिन्यांनी ती सकाळी आली, चहाला नको म्हणाली आणि टेबलावर नऊ फोटो मांडले.

"काका, ही लेन्स चुकतेय."

"लेन्स नाही चुकत."

"बघा तरी."

नऊ चेहरे होते. म्हातारे, बायका, एक लहान मुलगी. दशांशाने भिंग न उचलताच निकाल दिला. "हललेत."

"नऊच्या नऊ?"

"नव्वद आणलेस तरी तेच सांगेन. माणसांना बूड टेकवून बसता येत नाही."

भाचीने एका म्हाताऱ्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "याचा कान बघा. कानातला केस न् केस दिसतोय. डोळे धूसर आणि कान लख्ख. माणूस हलला तर कानही हलेल ना? की कान खुर्चीला बांधला होता?"

दशांशाने फोटो बाजूला सारला. मग नाकाने कांदे सोलणारी मुद्रा चेहऱ्यावर आणून तो म्हणाला, "तुला फोकस धरता येत नाही."

"म्हणूनच हा काढला." तिने दहावा फोटो पुढे केला. टेबलावर पाच काड्यापेट्या, एकामागे एक, तिरक्या ओळीत. "कॅमेरा स्टँडवर. एक मीटर. फोकस मधल्या पेटीवर. स्पष्ट कोणती आलीय?"

मधलीच्या मागची आली होती. काड्यापेटी हलते असं म्हणायची सोय नव्हती.

"काड्यापेट्यांचे फोटो काढायला लेन्स घेतलीस का?" तो म्हणाला. भाचीने लेन्स टेबलावर ठेवली, आत मावशीला भेटली आणि निघून गेली. ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

ती गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. स्वतःच्या कॅमेऱ्यात, स्वतःच्याच लेन्समागे, घासलेली काच बसवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कॅमेऱ्याचं तोंड धुराड्याकडे न करता भिंतीकडे केलं. एक मीटरवर वर्तमानपत्र टाचलं. कॅमेऱ्यातल्या दोन प्रतिमा एकावर एक आणल्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या मते फोकस झाला. भिंगातून बघितलं. अक्षरं लोण्यासारखी. कॅमेरा इंच-सव्वा इंच मागे सरकवला आणि अक्षरं उभी राहिली.

पुढचं समजायला त्याच्यासारख्याला पाच मिनिटं लागली. सोव्हिएत लेन्स आणि हा कॅमेरा, दोघांचे आटे एक, पण माप एक नाही. लेन्स केसभर लांब नजरेची. लांबचं जुळवलं की जवळचं मागे सरकतं. धुराड्याच्या पायऱ्या मोजाव्यात आणि समोर बसलेल्याचे डोळे सोडून कान टिपावेत, अशी ही जोडी. एक जाड शिम घातली असती तर संपलं असतं. किती जाड? त्याने मोजलं. एक दशांश.

मग त्याने ती पेटी काढली. काढायला नको होती, पण आपण प्रामाणिक माणूस आहोत अशी त्याची समजूत होती, ती त्याला नडली. एकेक फोटो भिंगाखाली धरला. डोळे पुसलेले, नाक पुसलेलं, आणि कान. कानातलं बदलत गेलं होतं, एका वर्षी कुडी, एका वर्षी डूल. त्याच्या फिरकीचे आटेसुद्धा मोजता येत होते. एकोणतीस वर्षं बाई दगडासारखी बसली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दशांशापर्यंत मोजणाऱ्याला स्वतःच्या हातातलं मुसळ भिंगाखालीही दिसलं नव्हतं.

दोन दिवस तो गप्प होता. तो गप्प असला की घरात बरं वाटे, म्हणून बायकोने काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती भाजी निवडत बसली होती तेव्हा तो पेटी घेऊन आला.

"ते फोटो," तो म्हणाला. "त्यात थोडा फरक होता."

"कसला फरक?"

"लेन्सच्या आणि कॅमेऱ्याच्या मापात. तांत्रिक आहे."

"आम्हाला कळेल असं सांगा."

"तू हलली नव्हतीस."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कधी?"

"कधीच."

ती शेंग तिने ताटात टाकली. मग हात पदराला पुसून तिने पेटी जवळ ओढली, एक फोटो उचलला, उलटा केला. मागचा शब्द वाचला. दुसरा उचलला, तिसरा उचलला. "बहिणीच्या लग्नात मी मंडपाच्या खांबामागे उभी होते," ती म्हणाली. "आई शेवटचं त्या फोटोत आहे. सगळ्या बहिणी तिच्याजवळ आहेत. मी खांबामागे." आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच दशांश चुळबुळला. "पेन आणा. हे सगळे खोडा आणि खरं लिहा."

त्याने पेन आणलं. पहिल्या फोटोमागचा शब्द खोडून त्याने लिहिलं, लेन्समध्ये दोष. तिने वाचलं आणि फोटो परत त्याच्यापुढे टाकला.

"लेन्सला जीभ होती का? हललीस हललीस कोण म्हणत होतं?"

त्याने तेही खोडलं. चूक माझी, असं लिहिलं. हे दोन शब्द त्याने आयुष्यात कागदावर कधी उतरवले नव्हते, आणि आता एकोणतीस वेळा उतरवायचे होते. ती शेजारी शेंगा मोडत बसली आणि झालेला प्रत्येक फोटो वाचून बाजूला ठेवत गेली. पंधराव्याला त्याने घाईत नुसतं 'माझी' लिहिलं, तोही परत आला.

सगळे झाल्यावर तो उठायला लागला. "आता जाड शिम घालतो. तुझा एक नीट काढू. उद्याच काढू."

"काढा. म्हातारीचा येईल." तिने ढिगातून सगळ्यात जुना फोटो शोधून काढला आणि त्याच्या हातात दिला. "हा कितवा आहे?"

"पहिला. बत्तीस वर्षांची होतीस तू."

"कशी दिसायचे?"

"छान दिसायचीस," तो म्हणाला. इतकं त्यालाही जमलं.

"डोळे कसे होते माझे? फोटोत तर नाहीत. तुम्ही एक मीटरवर होतात. तुम्ही सांगा."

दशांशाने फोटोकडे बघितलं. त्या दिवशीचा प्रकाश त्याला आठवत होता, फिल्म आठवत होती, शटरचा वेग आठवत होता. खुर्चीत बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर दोन प्रतिमा एकावर एक सरकवून जुळवल्या होत्या, तेही आठवत होतं. प्रतिमा जुळल्या की तो बटण दाबायचा. ती वाट बघत होती, आणि तो फोटो भिंगाखाली धरून शोधायला लागला.