बिराप्पाचे मैल

बिराप्पाला कोणत्याही गावाचे नाव सांगितले, की तो अंतर विचारत नसे. वेळ विचारत असे. मी साताऱ्याहून बदलून आटपाडीच्या पूर्वेकडील त्या गावात गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या आठवड्यातच त्याची माझी गाठ पडली. शाळेसमोरच्या लिंबाखाली तो उभा होता. उंच, सडपातळ, आणि उजव्या हाताची बोटे तेजाबाने पिवळी पडलेली.

"गुरुजी, साताऱ्यास्नं हितं याला किती तास लागलं?"

"सहा. वाटेत गाडी बदलावी लागली."

"साताऱ्याला कोण असतंय?"

"आई."

त्याने क्षणभर मनाशी काही जुळवले आणि समाधानाने मान हलवली. "सहा तास म्हंजे जवळच की. काय बी काळजी करू नगा."

प्रवासाचा वेळ विचारताना आईची चौकशी कशासाठी, हे मला त्या दिवशी उमगले नाही.

आमच्या त्या कोरडवाहू भागातील वाचकांना गलाईचा धंदा सांगावा लागत नाही, इतरांसाठी सांगतो. जुने सोने-चांदी वितळवून, त्यातील हीण काढून, शुद्ध धातू सराफाला परत द्यायचा, हे गलाईचे काम. मेंढरांमागे हिंडणाऱ्या आणि पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरांतील तरुण हे काम शिकले आणि देशभर पांगले. बिराप्पा वयाच्या सोळाव्या वर्षी कलकत्त्याला गेला. पुढे तेथील एका बोळात त्याची स्वतःची लहानशी भट्टी झाली. दिवाळी आणि गावची जत्रा, अशा दोन वेळा तो घरी येई.

कलकत्त्यास गेल्यावर दुसऱ्याच वर्षी त्याचे वडील वारले. तार मिळाली, तो मिळेल त्या गाडीत चढला आणि तिसऱ्या दिवशी गावात उतरला. लोक राख सावडून परत येत होते. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली, तीही एका वाक्यात: "बाचं तोंड न्हाई बघितलं, गुरुजी, राख बघितली." त्यानंतर तो तासांचा हिशेब करू लागला असावा. हावड्याहून रेल्वे, कल्याणला उतरणे, एसटी, शेवटची जीप, हे सारे मिळून बावन्न तास. आणि गावात मृतदेह किती वेळ ठेवतात, हेही त्याने वडीलधाऱ्यांना विचारून पक्के केले होते. "उन्हाळ्यात बारा, थंडीत अठरा. त्याच्या म्होरं माणूस ठेवत न्हाईत."

बावन्न आणि बारा या दोन संख्यांमध्ये तो अनेक वर्षे राहिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्याची आई, बायाक्का, तेव्हा सत्तरीच्या पुढे गेली होती.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. एका दिवाळीला तो माझ्या खोलीवर आला आणि त्याने पिशवीतून तीन गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रके काढून माझ्यापुढे ठेवली. तीन बँकांची तीन क्रेडिट कार्डे. कार्डाने खरेदी करावी, त्याबदल्यात विमानाचे मैल जमावेत आणि पुरेसे मैल जमले की फुकट तिकीट मिळावे, अशी ती योजना होती. मजकूर इंग्रजीत, आणि महत्त्वाचा भाग मुंगीएवढ्या अक्षरात.

"ह्यातलं कंचं घ्यायचं, तेवढं शोधून द्या."

मी दोन दिवस मागून घेतले. शब्दकोश जवळ घेऊन तिन्ही पत्रके शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. वार्षिक शुल्क किती, किती रुपयांच्या खरेदीला एक मैल, आणि मैल किती वर्षांनी बाद होतात, असे तीन रकाने. तिन्ही रकान्यांत पहिले कार्ड सरस ठरत होते. उत्तराखाली मी, सवयीप्रमाणे, दोन रेघा ओढल्या.

बिराप्पाने तक्ता मन लावून पाहिला. मग पिवळे बोट कागदाच्या मोकळ्या कडेवर टेकवले.

"हितं अजून एक रकाना पायजे. तिकीट दुसऱ्याच्या नावावर निघतंय का? आन् त्याच दिवशी, फोनवर निघतंय का?"

मी पुन्हा पत्रके उघडली. पहिल्या कार्डाचे तिकीट फक्त कार्डधारक आणि त्याची पत्नी यांनाच मिळे. दुसऱ्याला पंधरा दिवस आधी लेखी कळवावे लागे. तिसऱ्याचे तिकीट कोणाच्याही नावे, जागा असल्यास त्याच दिवशी, दूरध्वनीवरून मिळे. परंतु त्याचे शुल्क सर्वांत जास्त होते आणि मैल जमण्याचा वेग निम्मा.

"मग तिसरं."

"बिराप्पा, पंधरा दिवस आधी कळवण्यात अडचण ती काय?"

तो हसला. "आवं गुरुजी, मरण पंधरा दिस आधी कळवून येतंय व्हय?"

मी खजील झालो. तरी शिक्षकाचा हट्ट सुटेना. म्हटले, "बरे, पण दुसऱ्याच्या नावाचे काय? तुला तुझ्या आईसाठी यायचे आहे ना? मग पहिलेच—"

"कलकत्त्यात आमच्या भागातली साठ-सत्तर माणसं हायेत," तो शांतपणे म्हणाला. "फकस्त मलाच आई हाय व्हय?"

मी दोन रेघांचे उत्तर खोडले.

मैल जमवण्याची त्याची पद्धत ऐकून आश्चर्य वाटेल. एकट्याच्या खरेदीने सात जन्मांत तिकीट जमले नसते. म्हणून त्याने कलकत्त्यातील सगळ्या गलाईवाल्यांना सांगून ठेवले, की कोणी साडी, कुकर, पंखा, टीव्ही काहीही घेणार असेल तर पैसे माझ्या हातात द्या, दुकानात मी कार्ड देतो. कार्ड घेणारी दुकाने मोजकी आणि बाजारापासून दूर होती. दर रविवारी तो कोणाच्या ना कोणाच्या खरेदीला तंगडतोड करीत जाई. त्याची थट्टा होई. सर्वांत जास्त थट्टा करी तो धोंडीराम, याच गावचा, चार गल्ल्या पलीकडे भट्टी असलेला. "पलास्टिकच्या तुकड्यावर विमान उडतंय व्हय रं बिरा? आरं, लग्नाच्या साड्या बी तूच नेसशील आता!" त्याने त्या कार्डावर एक रुमालसुद्धा घेतला नाही.

घरी बायाक्काही चिडवी. जत्रेला तो आला, की माझ्यादेखत विचारी, "काय रं, माझं मैल भरलं का? का अजून दमानं घेऊ?"

"दमानं घे, आई. निम्मंच झाल्यात."

"बघा गुरुजी! लेक म्हंतोय, मरायला बी त्याच्या सवडीनं मर."

यावर मायलेक दोघेही मनसोक्त हसत. मला मात्र हसू येत नसे. मृत्यूविषयी इतक्या मोकळेपणाने बोलणारे घर मी साताऱ्यात पाहिले नव्हते. उन्हाळ्यातल्या बारा तासांसाठी त्याने मुंबईत एक जीपवालाही सांगून ठेवला होता. विमान, जीप, गाव. आता हिशेब बरोबर अकरा तासांचा होता.

दोन वर्षांहून अधिक काळ गेला आणि एका तिकिटापुरते मैल भरले. नेमक्या एका तिकिटापुरते.

त्यानंतरच्या माघात, एका सकाळी, शाळेसमोरच्या टेलिफोन बूथवाल्याने मला हाक मारली. कलकत्त्याहून बिराप्पा बोलत होता. त्याला आईशी बोलायचे होते. मी एका मुलाला पाठवून बायाक्काला बोलावून घेतले. तिने फोन दोन्ही हातांत धरला. पलीकडचे शब्द मला ऐकू येत नव्हते. तिचे मात्र अर्ध्या गावाला ऐकू गेले असतील.

"कोण? धोंडी? तुला हसतोय, त्यो?" मग थोडा वेळ ती ऐकत राहिली. "बाप कुठं हाय त्याचा? मिरजंच्या दवाखान्यात?... आजचा दिस निघत न्हाई म्हंत्यात?" तिने फोन कानाशी आणखी दाबला. "मग मला काय इचारतूस?... माझं हाय ते ठावं हाय मला. माझं हाय म्हणूनच सांगती, दे. आन् लवकर फोन ठिव, त्याचं विमान सुटंल."

फोन माझ्या हाती देऊन ती पदर सावरीत म्हणाली, "मी अजून धडधाकट हाय, गुरुजी. त्याचा बाप न्हाई."

धोंडीराम त्या संध्याकाळी मिरजेला पोहोचला. वडिलांनी त्याला ओळखले, त्याच्या हातून दोन चमचे पाणी घेतले आणि पहाटे प्राण सोडला. हे मला धोंडीरामनेच सांगितले. सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

बायाक्का गेली ती त्यानंतर तीनच महिन्यांनी, वैशाखात. आजारी म्हणावी अशी ती चारच दिवस होती, आणि लेकाला कळवू म्हटले तर "उगं घाबरवू नगा" म्हणून अडवीत होती. शेवटच्या सकाळी तिने मला बोलावले. मी शेजारी बसलो. बोलणे क्षीण, पण स्पष्ट होते. "मी गेल्याव बिराला कळवा. पर मला ठेवू नगा. त्यो येत न्हाई म्हणून कुणी त्याला बोल लावायचा न्हाई. तिकीट मी दिलंय." दुपारी तिने डोळे मिटले.

मी फोन लावला. पुढे कलकत्त्यात जे घडले ते असे. कार्डाची मर्यादा विमानभाड्याहून कमी होती. बातमी कळताच धोंडीराम उठला आणि बोळाबोळातून धावला. प्रत्येक भट्टीवरून जमेल तेवढी रक्कम गोळा करून त्याने भाडे उभे केले. परंतु नोटांची पुरचुंडी घेऊन तो विमान कंपनीच्या कचेरीपाशी पोहोचला, तेव्हा तिचे दार बंद झाले होते. मैल असते तर एका फोनवर काम झाले असते. तेवढ्याचसाठी तर बिराप्पाने चौथा रकाना मागितला होता. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने बारा तास गाठता येणार नव्हतेच, म्हणून लोकांचे पैसे परत करून दोघेही पहाटेच्या रेल्वेत बसले. धोंडीरामने त्याला एकट्याला येऊ दिले नाही.

उन्हाचे दिवस होते. गावात आईजवळ राहणाऱ्या बिराप्पाच्या धाकट्या भावाने अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. जीपमधून प्रथम धोंडीराम उतरला, मग बिराप्पा. धोंडीरामचा चेहरा रडून सुजला होता. बिराप्पाचा कोरडा होता.  इतक्या वर्षांच्या सहवासाने मला एकच प्रश्न विचारता येत होता, आणि तो मी विचारला.

"किती तास लागले?"

"बावन्न," तो म्हणाला. "हिशोब चुकला न्हाई."

धोंडीराम मधेच फुटला. "माझ्यामुळं झालं गुरुजी. मी एक रुमाल घेतला न्हाई त्याच्या कार्डावर, आन् आख्खं विमान खाऊन बसलो."

"गप रं धोंड्या," बिराप्पा म्हणाला. आवाजात राग नव्हता. दमलेल्या सोबत्याला म्हणावे, तसे म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आई काय बोलली का?"

मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. शिक्षक म्हणून मला पाठांतराची सवय आहे. एक अक्षर इकडचे तिकडे केले नाही. 

त्याने पिवळी बोटे एकमेकांत गुंतवली, सोडवली.

"म्हंजे मी का आलो न्हाई, ते जाताना तिला ठावं हुतं," तो अखेर म्हणाला. "मग पोचलो म्हणायचं, गुरुजी."

ओढ्याच्या काठी माणसे राख सावडण्यासाठी थांबली होती. त्याने चपला थांब्यावरच काढल्या, धोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे अनवाणी त्या तापलेल्या वाटेने खाली उतरू लागले. मी त्यांच्या मागे चार पावलांचे अंतर ठेवून चाललो. त्याहून जवळ जाण्याची माझी योग्यता नव्हती.