गच्चीवरचा सचिव

सहकाराचं वेड बीड जिल्ह्यात कुणाला नाही? चार माणसं जमली की आमच्याकडे संस्था निघते आणि पाचवा आला की तो तिच्यावर अविश्वासाचा ठराव आणतो. पण झोपेतही हात वर करून ठरावाला अनुमोदन देणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. तो म्हणजे केजच्या वसतिगृहातला माझा रूम पार्टनर. आमच्या बॅचची मंडळी अजून कुठल्या लग्नात भेटली की त्याची गोष्ट निघते. ‘टी.व्ही.साठी एवढा जीव टाकला आन् म्याचच्या दिवशी गच्चीवर जाऊन उभा राहिला, असलं येडं पायलं न्हाई!’ सगळे हसतात. इतकी वर्षं मीही हसत आलो. आता साठी कधीच मागे पडली. तो वेडा नव्हता, एवढं तरी मी सांगून टाकायला हवं.

तो चकलांब्याचा. त्याचे वडील गावच्या सोसायटीत शिपाई होते, त्यामुळे सभेच्या सतरंजीवर रांगतच हा मोठा झाला. जगात काहीही घडायचं तर त्याला सूचक आणि अनुमोदक लागतात, असा त्याचा प्रामाणिक समज होता. लागोपाठ तिसरं वर्ष कोरडं चाललेलं. वसतिगृहात टँकर दिवसाआड यायचा आणि दोघांच्या वाट्याला एक बादली. पहाटे हा माझ्या कॉटजवळ उभा राहून म्हणायचा, “विषय क्रमांक एक, आंघोळ. सूचक मी. अनुमोदन हाय का?” मी पांघरुणातून ‘हाय बाबा’ म्हणायचो, आणि उठून पाहतो तो बादली रिकामी. तक्रार केली की त्याचं उत्तर तयार, “सभागृहात काहून बोलला न्हाईस बे?” मुलांनी त्याच्या सभांना यायचं बंद केलं, पण त्याचं काही अडलं नाही. गणपूर्ती नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घेता येते, हा नियम त्याला पाठ होता. तो रिकाम्या खोलीत अर्धा तास भिंतीकडे बघत बसायचा, मग उठून एकटाच सभा घ्यायचा, आणि शेवटी आभारही मानायचा.

त्या उन्हाळ्यात त्याची माय गेली. कावीळ झाली होती. दहा-पंधरा दिवसांनी तो डोकं भादरून परत आला आणि त्याच आठवड्यात त्याने खोलीत टी.व्ही. आणण्याचा विषय काढला. आम्हाला वाटलं, पोरगं मन रमवायला बघतंय. मेसमध्ये डाळ इतकी पातळ की ताटाचा तळ दिसे, आणि हा टी.व्ही.च्या गोष्टी करत होता. पण संस्था निघाली. अध्यक्ष मी, कारण माझे चुलते साखर कारखान्याचे संचालक होते, आणि संचालकाचा पुतण्या बिनविरोध निवडून येतो ही आमच्याकडची रीतच आहे. सचिव तो. म्हणजे हार मला आणि काम त्याला.

उसाअभावी कारखाना बंद पडला होता आणि तिथल्या गेस्ट हाउसमधला टी.व्ही. कापडाखाली झाकून ठेवलेला. माझ्या चुलत्यांचा शब्द आणि ह्याचा रीतसर ठराव यांच्या जोरावर तो आम्हाला वापरायला मिळाला. ह्याने तो वाकळीत गुंडाळला आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरने विचारलं, “वाकळीत कोण हाय बे?”

“पेशंट हाय, मामा.”

“बोलत न्हाई का?”

“तारा जोडल्यावर बोलतो.”

अँटेनाला उंच खांब हवा होता. वसतिगृहाची बोअर आटली होती. ह्याने सभा भरवून बोअर मयत झाल्याचा ठराव केला, दोन मिनिटं सगळ्यांना उभं केलं आणि मग तिचेच पाइप उपसून गच्चीवर रोवले. रेक्टर चिडले, तेव्हा त्यांना त्याने त्याच ठरावाची प्रत दिली. अँटेना जवळच्या टॉवरकडे फिरवली की दिल्लीचा कार्यक्रम स्वच्छ दिसे. लांबच्या टॉवरकडे फिरवली की मराठी कार्यक्रम लागत, पण मुंग्यांच्या वारुळातून बघितल्यासारखे. पोरांना दिल्ली हवी असायची. हा मात्र सगळे गेल्यावर अँटेना लांबच्या टॉवरकडे वळवून मुंग्यांकडे टक लावून बसायचा. एवढ्यात श्रावण उजाडला. आभाळ भरून यायचं, नुसता वारा सुटायचा आणि आभाळ पुन्हा मोकळं.

एका सकाळी टँकरच्या रांगेत त्याने मला बाजूला घेतलं. गावाकडे पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं, तेव्हा, माय जायच्या आधी, टी.व्ही.वाले येऊन शूटिंग करून गेले होते. “मायच्या डोक्यावर मातीची पाटी व्हती,” तो म्हणाला. “तिला म्हनले, मावशी, इकडं बघा. तिनं बघितलं. हसली बी म्हनं. ग्रामसेवक सांगत व्हता, उद्या संध्याकाळी मराठीत दाखवनार हायेत.”

“मग?”

“मग काय? तिचा एक बी फोटू न्हाई बे आमच्या घरात.”

मी म्हणालो, सगळ्यांना सांगू, पोरं काही राक्षस नाहीत. तो एकदम कडक झाला. “न्हाई. आमच्या सोसायटीच्या इलेक्शनीत मेलेल्या बापाचे फोटू लावून मतं मागतेत. मला त्याचा लई संताप हाय. मी दुष्काळाचा कार्यक्रम म्हनूनच विषय मांडनार. पडला तर पडला. तू बोलायचं न्हाईस. आईची शपथ घे.” कुणाच्या आईची, हे त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दिल्लीवर क्रिकेटची मॅच होती. सभा भरली. त्याने विषय मांडला, “आपल्याच भागातला दुष्काळ हाय. आपन न्हाई बघायचा तर कुनी?” त्याच्या गावाजवळची, उमापूरकडची पोरं त्याच्या बाजूने गेली. बाकीचे ओरडले, “दुष्काळ खिडकीतून दिसतोय की, टी.व्ही. कशाला पायजे?” हात मोजले, मतं समसमान. नियम त्यानेच केलेला होता, समान मतं पडली तर अध्यक्षाचं मत निर्णायक. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती, खात्री होती.

पुढच्याच महिन्यात कॉलेजची निवडणूक होती आणि मी जी.एस.ला उभा राहणार होतो. मॅचवाली पोरं सगळी केज तालुक्यातली, आरडाओरडा करणारी, आणि माझा प्रचार त्यांच्याच जिवावर चालायचा होता. मी म्हणालो, “मॅच.”

त्याने हातांचा आकडा वहीत लिहिला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, “ठराव मंजूर,” आणि त्याने सभेचे आभार मानले.

त्या संध्याकाळी वारा फार होता. खांब हलायला लागला आणि चित्र पळायला लागलं. कुणीतरी गच्चीवर जाऊन तो धरायला हवा होता, आणि असली कामं सचिवाची. तो गेला. मॅच चालली होती तोवर त्याने दोन्ही हातांनी तो पाइप धरून अँटेना जवळच्या टॉवरकडे ठेवली. कमी-जास्त झालं की खाली पोरं बोंबलत, “हालवू नको बे, बाऊंडरी गेली!” तिकडे लांबच्या टॉवरवरून त्याची माय डोक्यावर पाटी घेऊन त्याच गावांवरून, त्याच वाऱ्यातून गेली असणार. त्याने मनगट जरासं फिरवलं असतं तर आम्ही फक्त शिव्या दिल्या असत्या. त्याने फिरवलं नाही. ठराव झाला होता.

निवडणूक मी जिंकलो. तो पुढे गावी गेला आणि दूध संस्थेचा सचिव झाला. त्या दिवसाबद्दल तो मला एक शब्द बोलला नाही, आणि मीही विषय काढला नाही.

गेल्या पावसाळ्याआधी मी चकलांब्याला गेलो. त्याचं डोकं पुन्हा भादरल्यासारखं दिसत होतं, पण ते टक्कल होतं. ओसरीवर बसल्या बसल्या मी सगळं बोलून टाकलं, निवडणुकीसकट. तो सुपारी कातरत ऐकत होता. म्हणाला, “तुला अधिकार व्हता. नियम माझाच की.” मग अडकित्ता खाली ठेवून, “तिचं तोंड आता नीट ध्यानात येत न्हाई रे. हात येतेत, आवाज येतो. तोंड पुसट झालं.”

मी त्याने कातरलेली सुपारी तळहातावर घेतली.

“म्याच कोन जिकलं व्हतं?” त्याने अगदी सहज विचारलं. “मी वर व्हतो. कळलंच न्हाई.”

मी आठवायला लागलो. कोण खेळत होतं, कोण हरलं, एक चेंडूसुद्धा आठवेना.

“आसू दे,” तो म्हणाला. “चाय उतरेपर्यंत तळ्यापर्यंत जाऊन येऊ.”

तळं म्हणजे तोच पाझर तलाव. त्यात चिखलापुरतं पाणी होतं आणि त्यात कुणाच्या तरी म्हशी बसल्या होत्या. मातीचा बांध लांबपर्यंत गेला होता. “ह्याच्यातली तिची पाटी कंची, ते सांगता येत न्हाई,” तो म्हणाला. बांधावर चढण्याआधी त्याने चपला काढून कडेला ठेवल्या. मी थोडा वेळ खालीच उभा राहिलो. मग मीही चपला काढल्या.