म्हशीच्या जागेवर विहीण

विहीण खुर्चीवरून घसरली आणि सरळ सिमेंटवर पडली. मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा एक थेंब नाही. डोळे उघडे होते, पण ती कुणाकडे बघत नव्हती. बायकांनी कोंडाळं केलं. कुणी म्हणे कांदा फोडा, कुणी म्हणे पाणी पाजा. माझी सून म्हणजे हिचीच लेक. ती हळदीची वाटी हातात धरून नुसती उभी राहिली.

नातवाच्या लग्नाचा आदला दिवस होता, वैशाखातली दुपार. उद्या वरात निघायची आणि आज नवरदेवाची आजी आमच्या अंगणात मरायला टेकली होती. तेही माझ्यामुळे.

ती सकाळीच मंगरूळपीरहून आली होती, जरीचं पातळ नेसून. आमच्या इंझोरीत लाईन गेलेली. मांडवात बसली नाही तोच तिचं तोंड सुरू झालं.

"काय वं इहीनबाई, पाहुण्याईले वाऱ्याची काही सोय नाही काय? आमच्या घरी दोन दोन कूलर हायेत."

"लाईन गेल्यावर थे दोन कूलर काय करतात? भजन?"

"तुमच्याजोळ तं एकही नाही."

"मले कायले लागते कूलर? पानी मारलं का माह्यं आंगन थंड होते. पाहाच तुमी."

यात खोटं काही नव्हतं. जन्मभर मी तेच केलं. शेणाने सारवलेलं मातीचं अंगण, दिवस कलला की चार बादल्या शिंपडायच्या. माती पाणी पिऊन घ्यायची आणि रात्रभर थोडं थोडं सोडायची. तिथे बाज टाकून झोपलं की पहाटे अंगावर काहीतरी ओढावं लागे. चौथी शिकलेल्या बाईला एवढं शास्त्र पुरलं.

पण दोन वर्षांपूर्वी लेकाने सोयाबीन वाळवायला सगळं अंगण सिमेंटचं करून घेतलं होतं. त्यात मांडववाल्याने शोभेसाठी चारही बाजूंनी गुलाबी पडदे ठोकले होते. आणि वेळ दिवस कलल्याची नव्हती, भर दुपारची होती. मी पाच ड्रम भरून ठेवले होते, ते ओतायला सांगितले.

लेक म्हणाला, "माय, सिमेंट तापेल हाय. आता नोको मारू पानी."

"तू मले शिकवू नोको. तुह्या जन्माआधीपासून शिपडून राह्यली मी."

पाणी पडलं आणि भाताच्या हंडीवरचं झाकण काढावं तशी वाफ उठली. पडद्यांमुळे ती जागची हलेना. बायकांच्या कपाळावरची कुंकवं नाकावर आली.

"इहीनबाई," ती खुर्चीतून म्हणाली, "हळदीले बलावलं का उकडाले?"

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "तुमी ओसरीत बसा."

"काहून? तुमचं थंड आंगन मले पुरतं पाहू द्या."

अशी ती हट्टाने बसली. थोड्या वेळाने गप्प झाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण पंचवीस वर्षांत त्या बाईला मी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. मी मात्र म्हटलं, बरं झालं, थकली. आणि मग ती पडली.

"बाज आना," मी म्हटलं. "पानी पाजू नोका, तिले गिळता येत नाही. अन् तू गाडीले फोन लाव."

लेकाने दवाखान्याची गाडी बोलावली. आम्ही चौघींनी विहिणीला बाजेवर घालून घरामागे नेलं. तिथे कडुलिंबाखाली माझी म्हैस बांधलेली असते. त्या जागेला सिमेंट लागलेलं नाही. पश्चिमेकडून झळा येतात, म्हणून त्या बाजूला मी दोरीवर तागाची जुनी पोती टांगते आणि दिवसातून चारदा भिजवते. हल्लीची प्लास्टिकची पोती पाणी धरत नाहीत. बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. तापलेला वारा ओल्या पोत्यांतून आला की निवून येतो. मांडवात पाणी खूप होतं, वारा नव्हता. एवढाच फरक, पण तो मला वेळेवर सुचला नाही.

म्हशीला सोडून उन्हात बांधलं आणि तिच्या जागेवर बाज ठेवली. विहिणीचं पातळ सैल केलं. दोन पोती काढून तिच्या अंगावर घातली, मानेला आणि काखेत ओली फडकी लावली. सून भानावर आली आणि सुपाने वारा घालायला लागली. मागच्या एका उन्हाळ्यात म्हैस अशीच आडवी झाली होती, तेव्हा मी हेच केलं होतं. ऊन बाई आणि म्हैस यांत फरक करत नाही.

पोती तीनदा भिजवली. चौथ्यांदा पाणी टाकलं तेव्हा विहिणीच्या पापण्या हलल्या. मग नाक हललं.

"शेनाचा वास काहून येऊन राह्यला?" ती म्हणाली.

"तू म्हशीच्या जागेवर हायेस."

तिने वर लिंबाकडे पाहिलं, मग स्वतःकडे.

"अन् हे अंगावर काय हाय?"

"तिचेच पोते."

"मांडवापेक्षा बरं हाय," ती म्हणाली आणि डोळे मिटले. सून रडायला लागली. मी तिला म्हटलं, रड, पण सूप थांबवू नको.

गाडी आली. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, सलाईन लावलं. सकाळी मी मांडवाचे पडदे काढायला लावले. मांडववाला म्हणाला, शोभा जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. विहीण वरातीला आली नाही, पण लग्न लागायच्या वेळी आली, साध्या सुती पातळात.

त्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकींना तुमी म्हणत होतो. बाजेजवळ माझ्या तोंडून तू निघालं, ते तसंच राहिलं.

दिवाळीनंतर लेकाने कुरकुरत दारासमोरचं सिमेंट फोडून दिलं, दोन बाजा मावतील एवढं. तिथे मी पुन्हा सारवते, आणि दिवस कलल्यावरच पाणी शिंपडते. विहीण यंदाही वैशाखात आठ दिवस राहून गेली. म्हैस त्या दुपारी दोन तास उन्हात उभी होती, तीही अजून दूध देते.