मी धरलेलं भाषण

टीव्हीवर नेत्याच्या दोन्ही बाजूंना टेलिप्रॉम्प्टरच्या काचा दिसल्या की मला सूर्यमाळ गावातला सभेचा एक मांडव आठवतो. मी तेव्हा मोखाड्याला मास्तर होतो आणि माझं अक्षर बरं होतं. त्या सभेला आलेल्या मंत्र्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, बारीक वाचता येत नव्हतं, म्हणून तालुक्याच्या साहेबांनी त्यांचं भाषण माझ्याकडून ड्रॉइंगच्या कागदांवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. पहिल्या रांगेत बसून एकेक कागद मी वर धरायचा होता. एप्रिलचं ऊन होतं, मांडवात तापलेल्या कापडाचा आणि मार्करच्या शाईचा वास कोंडला होता. मंत्री असे बोलत होते की वाचताहेत हे कुणाला कळलंही नसेल. 'आज प्रत्येक पाड्यावर पाणी पोचलं आहे,' हे वाक्य झालं आणि माझ्यामागची एक म्हातारी शांतपणे उठली. "आमचे पाड्यावर नाय आला पाणी," ती म्हणाली, "डोंगर उतरून जातो आम्ही." मंत्र्यांनी पुढच्या वाक्यासाठी माझ्याकडे पाहिलं. साहेब कडेने खुणावत होते. पुढच्या कागदावर सरकारचे आभार होते. मी तो कागद मांडीवरच ठेवला. मंत्र्यांनी म्हातारीकडे पाहून विचारलं, "कुठला पाडा, आजी?" पाऊस लागेपर्यंत त्या पाड्यावर टँकर येत राहिला. साहेबांना मी सांगितलं होतं की घामाने कागद एकमेकांना चिकटले. ते खोटं होतं, हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.