बनफशाची जिन आणि आत्याची मेंढी

साताऱ्याबाहेर औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी जिन करते, आणि ती चांगली होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नम्रपणाचं नाटक मला कधी जमलं नाही. पाचगणीच्या हॉटेलांत हल्ली वरच्या फळीवर निळी बाटली दिसते, व्हायलेट फुलांच्या वासाची, ती माझी. भट्टी मालकांची, पैसा मालकांचा, पण नाक माझं. लेबलाच्या उजव्या कोपऱ्यात शाईची सही असते, तीही माझी. त्या सहीसाठी मला काय काय करावं लागलं ते सांगते.

माझं माहेर माण तालुक्यातलं, मेंढरांचं घर. केमिस्ट्री शिकायला सांगलीला गेले आणि नंतर त्याच जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत चिकटले. मळीपासून स्पिरिट निघायचं, मी त्याची तीव्रता मोजून वहीत लिहायची. बरीच वर्षं अशीच गेली. मग साताऱ्यात कुणी जिन करायला माणूस शोधतंय असं कळलं आणि मी घरात कुणाला न विचारता अर्ज टाकला. गावाकडे माझी आत्या विचारणाऱ्यांना अजून सांगते, "ती फ्याक्टरीत औषध करती." मीही ते खोडून काढलेलं नाही.

जिन करणं म्हटलं तर सोपं. धान्याचं बिनवासाचं स्पिरिट विकत येतं. त्यात पाणी घालून त्याची तीव्रता उतरवायची, मग हाऊबेर, म्हणजे ज्याला बाटलीवर जुनिपर लिहितात ते फळ, धणे आणि लिंबाची साल त्यात मुरत ठेवायची. दुसऱ्या दिवशी तांब्याच्या भांड्यात मंद तापवायचं. वाफ नळीतून पुढे जाऊन थंड होते आणि बारीक धार पडायला लागते. नात्यातले पुरुष मला लग्नकार्यात गाठून हळूच म्हणतात, "ताई, पैल्या धारंची ठिव की वाईच." त्यांना काय सांगणार. पहिली धार आम्ही बाजूला काढून टाकतो, तिच्यात नको ते सगळं असतं. शेवटचीही टाकतो. मधली तेवढी आपली, आणि मधली कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते नाकाने ठरवायचं असतं.

मालक निवृत्त फौजी अधिकारी. माणूस सरळ, पण बोलणं हुकमासारखं. आमच्या लेबलावर एक छोटा चौकोन असतो, बॅच करणाऱ्याच्या सहीचा. पहिलं वर्षभर बॅच मी करायची आणि त्या चौकोनात सही ते करायचे. मला ते फार टोचायचं. एक दिवस तोंडावरच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, साधी जिन पुस्तक वाचून कुणीही करेल. स्वतःची एक करून दाखवा. तीन बॅच देतो. जमली तर सही तुमची. नाही जमली तर मुंबईहून तयार इसेन्स मागवू, आणि तुम्ही बाटल्या-लेबलं सांभाळा."

मी लगेच म्हणाले, व्हायलेट. लहानपणी छाती भरली की आई बनफशाचा काढा द्यायची. बनफशा म्हणजे हीच फुलं, काश्मीरकडून वाळून येतात आणि साताऱ्यात कुठल्याही काष्ठौषधींच्या दुकानात पुडीत बांधून मिळतात. मला वाटलं होतं, अर्धं काम तर आईनेच करून ठेवलंय.

नव्हतं केलं. वाळकी फुलं स्पिरिटमध्ये टाकली तर वास आला गवताचा. दुकानदारानेच मग एक मूळ काढून दिलं. त्याला ते लोक बनफशाचं मूळ म्हणतात, पण ते आयरिस नावाच्या दुसऱ्याच झाडाचं. मात्र वर्षानुवर्षं वाळलं की त्यातून व्हायलेटचा असा वास येतो की फुलाने लाजावं. रंगाची अडचण नव्हती. भट्टीतून रंग येत नाहीच, धार पाण्यासारखीच पडते. म्हणून नंतर तिच्यात गोकर्णाची फुलं भिजवायची. जिन निळी होते आणि ग्लासात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळी. गोकर्ण तर आमच्या शेडच्या कुंपणावरच होती.

पहिल्या बॅचला मी आईचीच पद्धत वापरली. आमच्याकडे तूप घेताना ते हाताच्या पाठीवर चोळतात आणि हुंगतात, पुन्हा हुंगतात, खोट सापडेपर्यंत हुंगतच राहतात. मी जिनचा थेंब हातावर चोळला. पहिल्यांदा वास आला, अगदी मोहून टाकणारा. दुसऱ्यांदा कमी आला. तिसऱ्यांदा काहीच नाही. मला वाटलं मूळ कमी पडलं. अजून घातलं. पुन्हा चोळलं, पुन्हा नाही. अजून घातलं. दिवसभर हात नाकाशी आणि चमचा मुळाच्या पुडीत.

मालक चव घ्यायला पाचगणीच्या एका हॉटेलातल्या बारवाल्याला बोलावतात. आमच्या वाईकडचाच माणूस, आयुष्य ग्लास भरण्यात गेलेलं, आणि जीभ तिखट. त्याने ग्लास नाकाजवळ आणला आणि झटकन लांब केला. "मॅडम, राग मानू नका. लग्नघरात नवरीच्या खोलीत शिरल्यागत वाटतंय. नुसती पावडर." मालक हसले नाहीत, हेच वाईट होतं.

दुसऱ्या बॅचला मी ताकही फुंकून पिऊ लागले. मूळ अगदी थोडं घातलं. त्या दिवशी मालकांनी एकट्यानेच चव घेतली. त्यांनी ग्लासात नाक घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. हुंगलं, परत हुंगलं, परत हुंगलं. मग म्हणाले, "मॅडम, यात काही नाहीये. प्लेन जिन आहे." मी ग्लास हिसकावून घेतल्यासारखा घेतला. सकाळपासून तेच चोळत होते मी, मलाही काही येईना. मी चिडून म्हणाले, "मग मागवा तुमचा इसेन्स." आणि बाहेर जाऊन गोकर्णाच्या वेलापाशी रडले. रागाने रडले, पण रडले. त्या चौकोनात आपली सही कधीच होणार नाही आणि बाटल्या पुसत म्हातारं व्हायचं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

रविवारी एसटीने दहिवडीकडे आत्याकडे गेले. पर्समध्ये दुसऱ्या बॅचची छोटी शिशी होती, का घेतली होती कुणास ठाऊक. आत्या वाड्यात होती, मेंढरांच्या. एका मेंढीचं पिल्लू दगावलं होतं आणि दुसऱ्या एका पिलाची आई. आत्याला ते पोरकं पिल्लू त्या मेंढीला लावायचं होतं. मेलेल्या पिलाचा वास त्याच्या अंगाला चोळून झाला होता. मी म्हणाले, मी धरते. पिल्लू मेंढीच्या नाकाशी नेलं आणि तिथेच धरून ठेवलं, घे बाई एकदाचं ओळखून म्हणून. मेंढीने जरा हुंगलं, मग डोकं खाली घातलं आणि मला अशी धडक दिली की मी लेंड्यांत बसले.

आत्या हसली नाही. "आगं, नाकाला चिकटवून ठिवलंस तर तिला काय कळंल? येकदा दावायचं. मग लांब न्यायचं. तिला दम खाऊ द्याचा. मग पुन्यांदा दावायचं. वास घ्यायलाबी उसंत लागती."

तिने तसंच केलं. पिल्लू दाखवलं, लांब नेलं, थोडं थांबली. पुन्हा दाखवलं, पुन्हा लांब. मी लेंड्यांतच बसून बघत होते. चौथ्या की पाचव्या वेळी मेंढीच मान लांबवून पिलाकडे आली, त्याचं ढुंगण हुंगलं आणि गप्प उभी राहिली. पिल्लू लुचायला लागलं.

मी हात धुतले, चांगले दोनदा धुतले, आणि शिशी काढली. एकदाच वास घेतला. व्हायलेट. शिशी लांब धरली, आत्याच्या घोंगडीत तोंड खुपसून दोन-चार श्वास घेतले. नुसती लोकर, उन्हात वाळलेली. पुन्हा शिशी. पुन्हा व्हायलेट, पहिल्यासारखाच. इतके दिवस वास बिचारा तिथेच होता, आणि मी नि मालक त्याच्या अंगावर बसून तो कुठे गेला म्हणून विचारत होतो. नंतर वाचलं तेव्हा कळलं की या वासाची खोडच ती आहे, तो नाकाला गप्प करतो आणि उसंत मिळाली की नव्याने येतो. बी.एस्सी., एम.एस्सी. करून मला जे कळलं नव्हतं ते मेंढीला माहीत होतं.

येताना आत्याकडून घोंगडीचा एक तुकडा मागून आणला. तिने का म्हणून विचारलं. म्हटलं, औषधाला.

तिसरी बॅच. मूळ पहिलीच्या निम्म्याहून कमी, दुसरीपेक्षा जरा जास्त. हातावर एकही थेंब चोळला नाही. सकाळी एकदा वास, मग शेडबाहेर एक फेरी, मग घोंगडी, मग परत एकदा. मधली धार कुठे सुरू झाली ते मला इतकं साफ कळलं की माझंच मला नवल वाटलं. गोकर्ण भिजवली, गाळली, आणि निरोप पाठवला की दोघांनीही या.

दोघं आले. मी टेबलावर ग्लास मांडले आणि मध्ये घोंगडीचा तुकडा ठेवला. मालक त्याच्याकडे बघत राहिले. "हे काय?"

"एकदा वास घ्यायचा. ग्लास खाली ठेवायचा. मग हे हुंगायचं. मग परत ग्लास. ग्लासात नाक घालून बसायचं नाही."

"मॅडम, याला मेंढीचा वास आहे."

"साहेब, फौजेत हुकूम तुमचा. भट्टीपाशी माझा."

बारवाल्याने खाली बघत मिशीवरून हात फिरवला. मालकांनी ग्लास उचलला, एकदा हुंगला आणि कवायतीत ठेवावा तसा खाली ठेवला. घोंगडी उचलली, नाक मुरडलं, पण हुंगली. परत ग्लास उचलला. तो तसाच हातात धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"परत आला," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा त्यांनी घोंगडी स्वतःच जवळ ओढली.

बारवाल्याने तोवर आपलं काम सुरू केलं होतं. बर्फ, जिन, टॉनिक, वरून लिंबाची फोड. निळं होतं ते जांभळं झालं. तो घोट घेऊन थांबला, खिडकीबाहेर बघत राहिला, मग दुसरा घोट घेतला. "ही घाईनं प्यायची न्हाई," तो म्हणाला. "गप्पा मारत प्यायची. दर घोटाला नव्यानं येतीय." मग मालकांना म्हणाला, "साहेब, इसेन्स-बिसेन्स काय आणू नका. मला पहिला खोका द्या."

मालकांनी खिशातून पेन काढलं. लेबलांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. मला त्यांचा पहिल्यांदा आदर वाटला. मी त्या दिवशी बोटं दुखेपर्यंत सह्या केल्या. शेवटच्या काही तर वाकड्यातिकड्या झाल्यात, कुठल्या हॉटेलात दिसल्या तर त्या खऱ्याच समजा.

पहिली बाटली मी आत्याला नेऊन दिली. ती थेंबही घेणार नाही हे मला माहीत होतं. तिने लेबलावरून बोट फिरवलं आणि हे काय लिहिलंय ते विचारलं. म्हटलं, माझं नाव. तिने झाकण उघडलं, एकदा हुंगलं, लगेच बाटली लांब धरली. थोडा वेळ थांबली, जशी त्या मेंढीसाठी थांबली होती. मग परत जवळ आणली.

"औषध न्हाई हे," ती म्हणाली. "आता इचारलं तर मी खरं सांगीन."