फरशीवाल्या मिस्त्रींचा गुडघा

तीस वर्षं गुडघे टेकून फरश्या बसवल्या आणि मिस्त्रींच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली. डॉक्टरांनी त्यांच्याच कमरेच्या हाडातून मूळपेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायला ठेवल्या. मिस्त्रींचा जीव थाऱ्यावर राहीना. रोज फोन करून विचारायचे, "वाढल्या का हो?"

"अहो, ते काय विरजण आहे, सारखं उघडून बघायला?" बायको वैतागायची.

पाचव्या आठवड्यात त्या पेशी गुडघ्यात बसवल्या. मग दीड महिना मिस्त्री कुबड्यांवर घरभर फिरत, आपणच बसवलेल्या फरश्यांत खोट काढत राहिले.

वर्षाने डॉक्टर म्हणाले, "खुशाल चाला. पण गुडघे टेकायचं काम मात्र बंद."

मिस्त्री बायकोसोबत दवाखान्यातून बाहेर पडले. बसथांबा मागे टाकून इतके भरभर निघाले की बायको धापा टाकत ओरडली, "अहो, जरा दमानं!"