अठ्ठ्याऐंशी सेकंदांची रेघ

ओफेलिया बोतीनाला वेधशाळेत नोकरी मिळाली ती हात थरथरत नाही म्हणून. काराचे नावाच्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी, कोलंबियाच्या दक्षिण टोकाला, तीन खोल्यांची ती वेधशाळा. रोज सकाळी गुळगुळीत कागद रॉकेलच्या धुरावर काजळायचा आणि फिरत्या नळकांड्यावर गुंडाळायचा. डोंगर जरा हलला की सुई काजळीवर पांढरी रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी काजळी पुसली जाऊ नये म्हणून तो कागद लाखेच्या पातळ रोगणात बुडवून वाळत घालायचा. ओफेलियाचे वडील लाकडी डब्यांवर राळेच्या पापुद्र्याची नक्षी चिकटवायचे, त्यामुळे असलं नाजूक काम तिला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. शाळा मात्र पाचवीतच सुटली होती.

बारा वर्षांत तिने हजारो रेघा पाहिल्या होत्या. भूकंपाची रेघ वेडीवाकडी, काट्याकुट्यांची. पण त्या वर्षीच्या मे महिन्यात एक वेगळीच रेघ आली. डोकं जाड, आणि मग एकसारखी बारीक होत गेलेली लांब शेपटी, लाकडात पिळायच्या स्क्रूसारखी. वेधशाळेचे प्रमुख इंजिनिअर एर्नान पांतोखा यांनी सुईचा दोष म्हणून तो कागद बाजूला टाकला. ओफेलियाने तेवढा तुकडा कापून वहीत जपून ठेवला. इतकी रेखीव गोष्ट फेकवेना. तीन आठवड्यांत असे सहा तुकडे जमले.

एका बुधवारी दुपारी ती ते तुकडे मांडून बसली. सगळ्यात डौलदार शेपटी शेवटी, असे लावले आणि तुकड्यांच्या पाठीवरच्या तारखा पाहिल्या, तर क्रम तारखांचाच निघाला. शेपट्या लांबत चालल्या होत्या. कार्निव्हलचा ढोल डोळ्यांसमोर आला: दोऱ्या ताणत जावं, तसा नाद लांबतो. आत काहीतरी आवळलं जात होतं.

पांतोखांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. माणूस कोरडा, पण उर्मट नव्हता.

"सुंदर आहेत, ओफेलियाबाई. पण सुंदर आहे म्हणून खरं असतं असं नाही."

"खरं आहे असं मी कुठे म्हणते? सुंदर होतं म्हणून टाकून दिलं नाही, एवढंच."

त्यांनी पट्टी लावून प्रत्येक शेपटीचे सेकंद काढले. बावीस सेकंद, एकतीस, चाळीस, बावन्न, एकसष्ट, सत्तर. मग म्हणाले, की पुढची पंच्याहत्तरच्या वर गेली तर मी मानेन. पण उद्याचं दुरुस्तीचं काम थांबणार नव्हतं. वरच्या कड्यावरच्या दुसऱ्या यंत्राचा अँटेना आठवडाभर बंद होता आणि गेले पाच दिवस डोंगर गप्प होता. पांतोखा स्वतः वर जाणार होते, सोबत दोन माणसं. त्यातला एक ओफेलियाचा धाकटा भाऊ, सेगुंदो.

गुरुवारी सकाळी ती एकटीच नळकांड्यासमोर बसली. गुळाचं गरम पाणी पेल्यात तसंच निवून गेलं. दहा वाजून चाळीस मिनिटांनी सुई झटकन उडाली आणि डुलायला लागली. ओफेलियाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चाळीस. साठ. डुलणं हळूहळू बारीक होत होतं, कुठेही न अडखळता. इतकी देखणी रेघ तिने जन्मात पाहिली नव्हती, आणि ती आता थांबावी म्हणून ती देवाचा धावा करत होती. सत्तर. ऐंशी. अठ्ठ्याऐंशीला सुई सरळ झाली.

वायरलेसवर तिने फक्त वेळा सांगायच्या, हुकूम द्यायचे नाहीत, असा नियम होता.

"इंजिनिअर, खाली या."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. पांतोखा म्हणाले, दोन तासांचं काम उरलंय, अँटेना अर्धा उघडा पडलाय, असा कसा टाकून येऊ? मागून सेगुंदो काहीतरी बोलून हसला.

"आकडा तुम्हीच दिला होता, पंच्याहत्तरचा. अठ्ठ्याऐंशी आलेत."

पलीकडे हत्यारं पेटीत टाकल्याचा खडखडाट झाला.

"येतो," पांतोखा म्हणाले.

त्या दिवशी काहीच झालं नाही. शुक्रवारीही नाही. अर्धा उघडा अँटेना पावसात भिजून कायमचा गेला. राजधानीतून फोनवर पांतोखांना झापण्यात आलं. शनिवारी सेगुंदो भर बाजारात म्हणाला, "आमच्या ताईला रेघा दिसतात. पुढच्या वेळी लॉटरीचा नंबर विचारून ठेवू." लोक हसले. ओफेलियाने बटाटे घेतले आणि खाली मान घालून घरी आली. पांतोखांनी विचारलं, भाऊ वर होता म्हणून घाबरलात का? ती खरं तेच बोलली: घाबरले होते, पण सेकंद घड्याळाने मोजले होते. दोन रात्री तिला झोप नव्हती. डोंगर फुटला नाही तर आपण खोट्या, फुटला तर गावाचं काय, या दोन्हींत ती पिळवटून निघाली.

रविवारी अकराच्या सुमारास, चर्चमधली प्रार्थना आटपून लोक बाहेर पडत असताना, काराचे फुटला. कपाटाएवढे दगड कड्यावर कोसळले. अँटेनाच्या जागी खड्डा उरला. गावात राखच पोचली. वरच्या कुरणातले दोन बैल मेले, माणूस एकही नाही. सेगुंदो संध्याकाळी दारात आला, राखेने पांढरा झालेला. काही न बोलता त्याने फावडं घेतलं आणि तिचं छप्पर साफ करायला चढला.

महिन्याभराने पांतोखांनी ते सात तुकडे पुन्हा भिंगाखाली घेतले आणि एक गोष्ट तिला जरा संकोचानेच सांगितली. ढोल ताणला तर सूर चढायला हवा, सुईचं डुलणं जलद व्हायला हवं. इथे सातही रेघांत वेग एकच होता. म्हणजे इशारा खरा, पण ढोलाचं चित्र चुकीचं.

ओफेलियाला ते लागलं. कित्येक दिवस ती कागद काजळता काजळता मध्येच थांबायची. सूर तोच, नाद मात्र लांब, असं कधी होतं? शेवटी एका सकाळी तिने पांतोखांना सरळ चर्चच्या घंटाघरात नेलं. मोठ्या घंटेला ओलं पोतं गुंडाळून तिने टोला दिला. पांतोखांनी घड्याळ धरून मोजलं: चार सेकंद. पोतं अर्धं काढलं: अकरा. पूर्ण काढलं, टोला दिला. सूर तिन्ही वेळा एकच होता.

"आवळलं काही जात नव्हतं, इंजिनिअर," ती म्हणाली. "या पोत्यासारखा नाद गिळणारा आतला ओला चिखल कमी होत होता. वाफच वाफ उरत होती."

घंटा अजून वाजत होती. पांतोखांनी तिला हाताने थांबायची खूण केली आणि ते मोजत राहिले.